बेळगावातल्या जुन्या घराचं किचन नवीन करायचंय, सुरुवात कुठून करू? मॉड्युलर घेऊ की मेस्त्रीकडून करून घेऊ?

कट्ट्याच्या उंचीपासून सुरू करा. टाईल्स, चिमणी, ट्रॉल्या सगळं मागनं. मॉड्युलर की मेस्त्री हे नंतर बघा, आधी त्या कट्ट्यापुढं रोज कोण उभं राहणार आणि तिथं काय करणार ते ठरू दे.

आमचं घर शहापुरात, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मंगळुरी कौलं. रोज रात्री जोंधळ्याची भाकरी लागतेच आणि ती मी थापते. किचन काढायचं ठरलं तेव्हा धाकटे दीर पुण्याहून आले, शोरूमवाल्याला घेऊन बसले, आणि दोघांनी मिळून कट्टा ३६ इंच ठरवून मोकळे झाले, स्टँडर्ड आहे म्हणून. माझी उंची पाच फूट. ३६ वर परात ठेवली की हात खांद्यातनं उचलावा लागतोय, थापताना अंगाचा भार वरनं यायला पाहिजे तो येतच नाही, नुसती मनगटं भरून येतात. त्यात शेगडीची उंची वेगळी, मोठ्या पातेल्यात आमटी ढवळायची तर आतलं दिसत पण नाही. मी हे सांगितलं तर दीर म्हणाले, वहिनी, सवय होईल. का म्हणून? भाकरी थापणारी मी, मग माप दुसऱ्यानं का ठरवायचं?

मी सरळ मेस्त्रीला बोलावलं. त्यानं विटा रचून वर फळी टाकली, मी परात घेऊन खरोखरची भाकरी थापून बघितली, मग फळीखाली फरशीचे तुकडे घालत-काढत माप काढलं. शेवटी खिडकीकडचा तीन फुटाचा तुकडा ३० इंच आणि बाकीचा शेगडी-सिंकचा कट्टा ३३. दोन लेव्हल बरं दिसणार नाही म्हणून पुन्हा वाद झाला. न दिसू दे की, मला तिथं काम करायचंय. पुढं जाऊबाईंनी त्यांच्या फ्लॅटचं किचन काढलं तेव्हा मापं माझ्याकडनंच मागून घेतली, दिरांनी अजून कबूल केलं नाही ते सोडा.

माप असं घ्या: हात कोपरात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, घरात चप्पल घालत असाल तर चप्पल घालून. चिरायला त्याच्यापेक्षा ४ इंच खाली, मळायला-थापायला ७-८ इंच खाली. सिंक थोडं उंच चालतं कारण भांडी आत खाली असतात.

आता मॉड्युलरचं. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर भिंती ओल सोडत नाहीत, आणि मॉड्युलरला बऱ्याचदा वापरतात तो पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेला) सिंकखाली फुगतोच, कुणी कितीही गॅरंटी देऊ दे. कडप्प्याचे खण, वर ग्रॅनाइट, आत स्टीलच्या ट्रॉल्या, शटरं आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायची (पाण्याला टिकणारं प्लायवूड), हे मेस्त्री-सुताराकडनं व्यवस्थित होतं. ट्रॉल्या तेवढ्या मॉड्युलरवाल्याकडनं बसवून घेता येतात. काम दिवाळीनंतर काढा.

टाईल्स लावायच्या आधी पाइप आणि वायरिंग संपवा. जुन्या लोखंडी पाइपला नवीन जोडू नका, सगळा बदला. मातीची भिंत असेल तर आडव्या खोल झिऱ्या मारू देऊ नका, पाइप बाहेरनं गेला तरी चालतो. नळाला रोज पाणी येत नसेल तर पिंपाची जागा आत्ताच धरा, नंतर ते दारातच येतं. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या शटरला खालनं जाळी पाहिजेच. आणि सिलिंडर ३० इंचवाल्या भागाखाली ठेवू नका, रेग्युलेटर लावायला हात जात नाही.

एक राहिलं. हे सगळं माझ्या पाच फुटाच्या हिशोबानं सांगितलंय. तुमच्यात स्वयंपाक करणारं माणूस साडेपाच फुटाच्या वर असेल, नाहीतर भाकरी आठवड्यातनं एकदाच होत असेल, तर ३० करू नका, वाकून वाकून कंबर जाईल. तुमच्याकडं ३५-३६ पण बरोबर असू शकतं, फक्त शोरूममधल्या फोटोपुढं उभं राहून ठरवू नका, विटा रचून बघा.