घुमटातले न लुकलुकणारे तारे

प्रश्न : आठवीच्या मुलांना सहलीत वरळीच्या नेहरू तारांगणात नेणार आहोत. शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर राहून आल्यापासून मुलं सारखं अंतराळवीरांबद्दलच विचारतात. पण तारांगणात तर तारेच दाखवतात. मग तिथे नेऊन उपयोग काय?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, तारे दिसतात म्हणूनच न्या. अमेरिकेत चॅपल हिलला मोअरहेड तारांगण आहे. 1959 ते 1975 या काळात मर्क्युरीपासून अपोलोपर्यंतच्या अमेरिकी अवकाश मोहिमांचे अंतराळवीर तिथल्या घुमटाखाली बसून तारे ओळखायला शिकले. नील आर्मस्ट्राँगही त्यांतलेच. ही विद्या कामाला आली, बरं का! 14 नोव्हेंबर 1969 ला अपोलो 12 नं उड्डाण केलं आणि मिनिटभरातच त्याच्यावर वीज पडली. यानाला दिशेचं भान देणारी यंत्रणा कोलमडली. मग पृथ्वीभोवती फिरत असतानाच अंतराळवीरांनी तारे हेरून ती पुन्हा जुळवली आणि तिघं चंद्राकडे निघाले. मुलांना ही गोष्ट आत शिरण्याआधीच सांगा.

मी बरीच वर्षं तारांगणात निवेदन केलं. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी थांबली आणि म्हणाली, "काका, तुमचे तारे खोटे आहेत. लुकलुकत नाहीत." मला फार आनंद झाला. तारे लुकलुकतात ते आपल्या डोक्यावरच्या हवेमुळे. अंतराळवीर त्या हवेच्या वर असतो, त्याला ते असेच स्थिर दिसतात. तेव्हापासून काळोख झाला की मी मुलांना सांगायचो, "आता तुम्ही यानाच्या खिडकीशी बसला आहात."

सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल ठेवा. अवकाश स्थानक किती उंचावर असेल, ते मुलांना बोटानं दाखवू द्या. बहुतेक जण हात लांबवर नेतील. खरं तर ते सुमारे 400 किलोमीटरवर, म्हणजे या गोलापासून एक सेंटिमीटरच्याही आत आहे! चंद्र मात्र नऊ मीटरवर, बहुधा वर्गाबाहेर व्हरांड्यात. एवढ्या जवळ असल्यावर पृथ्वीची ओढ कुठे जाणार? जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश ओढ तिथेही असते. माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि माणसं दोघंही पृथ्वीभोवती सतत पडत असतात. "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" असं कुणी म्हणालं, तर कृपया तिथल्या तिथे दुरुस्त करा.

आणि सहल कधी दिल्लीला गेली, तर तिथल्या नेहरू तारांगणात राकेश शर्मा 1984 साली ज्यातून परतले ती सोयूझ या सोव्हिएत यानाची कुपी आहे. तिच्यात तिघं बसले होते. मुलांना तिच्याशेजारी उभं करा आणि विचारा, "तुम्ही यात कसे बसाल?"