सोळाव्या वर्षी कॉलेज निवडताना

ताई, आधी एक घोळ मिटवूया. इंग्लंडमध्ये कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी नव्हे. आपल्याकडचं अकरावी-बारावी आणि आयटीआय एका छपराखाली, असं समजा. लेक जीसीएसई, म्हणजे तिथली दहावीसारखी परीक्षा, देतेय ना? मग आधी कोर्स ठरवा, कॉलेज नंतर. ए-लेव्हल, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणारा पुस्तकी अभ्यासक्रम, हा एकच रस्ता मानणं, ही आपल्या लोकांची नेहमीची चूक. टी-लेव्हल हा कामाचं शिक्षण देणारा कोर्स दोन वर्षांचा, तीन ए-लेव्हलच्या बरोबरीचा, आणि त्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी.

ओपन डेला, म्हणजे कॉलेज पाहायला बोलावतात त्या दिवशी, रिसेप्शन पाहून भुलू नका, थेट वर्कशॉपमध्ये शिरा. माझ्या मुलाच्या वेळी एका चकाचक कॉलेजात वेल्डिंग मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. आम्ही दुसरं घेतलं. तिथल्या बाकांवर चरे पडलेले, पण पोरं कामात गुंग होती. शिकवणाऱ्यांना विचारा, कामासाठी कुठे पाठवता? मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली?

ऑफस्टेड, म्हणजे शाळा-कॉलेजं तपासणारी सरकारी संस्था, तिचा अहवाल चाळा. इंग्लिश-गणितात ग्रेड ४, म्हणजे पास, हुकली तरी घाबरू नका, कॉलेजात ते विषय पुन्हा करून घेतात. बसचा प्रवास मात्र सकाळच्या गर्दीत एकदा स्वतः करून पाहा. आणि अर्ज दोन-तीन ठिकाणी टाका. बर्सरीचं, म्हणजे गरजू मुलांच्या आर्थिक मदतीचं, नंतर बोलू.