लिडिया मेंडोझा: बारा तारांची गिटार आणि सीमेवरची माणसं

तुम्ही विचारलंय की स्वतः गिटार वाजवून स्पॅनिशमध्ये गाणारी, आपल्या भागातल्या लोकांनी डोक्यावर घेतलेली, पण बाहेर फारशी माहीत नसलेली गायिका कोण? तिचं आयुष्य कसं गेलं, आणि तिचं नाव बाहेर का पोचलं नाही?

मी लिडिया मेंडोझाचं नाव घेईन. ती टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांची गायिका. माझ्या मते विसाव्या शतकात अमेरिकेत ज्या काही लोकगायिका झाल्या, त्यांत तिचं स्थान अगदी वरचं आहे, आणि हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही. तिचं गाणं मी अनेक वर्षं ऐकते आहे. एक बाई, एक गिटार, बाकी काही नाही, आणि तरी काही कमी आहे असं क्षणभरही वाटत नाही.

तिचा जन्म १९१६ सालचा, ह्यूस्टनचा. वडील फ्रान्सिस्को रेल्वेत मेकॅनिक होते. कामाप्रमाणे कुटुंब कधी टेक्सासात असायचं, तर कधी सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या मॉन्टेरे शहरात. मुलींनी शाळेत जाणं वडिलांना पसंत नव्हतं. त्यामुळे लिहायला-वाचायला शिकवलं ते आई लिओनोरने, घरीच. गिटारही तिनेच शिकवली; तिच्या घरात हे वादन आधीच्या पिढीपासून चालत आलेलं होतं. हातात खरी गिटार येण्याआधी लिडियाने फळीला खिळे ठोकून, त्यांवर रबर ताणून स्वतःपुरतं वाद्य तयार केलं होतं.

मॉन्टेरेमध्ये तेव्हा च्युइंगमच्या वेष्टणावर गाण्यांचे बोल छापलेले असायचे. लहानगी लिडिया ती वेष्टणं जमवायची. बोल हाती असत, चाल मात्र नसे. त्यातल्या एका गाण्याची चाल तिला पुढे वडिलांबरोबर नाटकगृहात गेली असताना ऐकायला मिळाली, आणि ती तिच्या डोक्यात पक्की बसली. ते गाणं म्हणजे ‘माल ओंब्रे’, अर्थात ‘दुष्ट पुरुष’. भोळ्या वयात फसवून, वापरून, टाकून दिलेली बाई त्या पुरुषाला तोंडावर जाब विचारते, असं ते गाणं. त्याचा अर्थ कळण्याच्या वयाची तेव्हा ती नव्हतीच.

१९२८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश वर्तमानपत्रात ओके रेकॉर्ड कंपनीची जाहिरात आली: गाणारे हवेत. त्या काळी रेकॉर्ड कंपन्या यंत्रसामग्री घेऊन गावोगाव यायच्या आणि हॉटेलच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायच्या. मेंडोझा कुटुंब तिथे पोचलं. आईकडे गिटार, वडिलांकडे डफासारखी टँबुरीन, लिडियाकडे मँडोलिन आणि बहिणीकडे ट्रँगल, म्हणजे धातूचं त्रिकोणी वाद्य. ‘कार्ता ब्लांका चौकडी’ हे नाव त्यांनी मॉन्टेरेच्या बिअरवरून घेतलं होतं. वीस गाण्यांचे १४० डॉलर मिळाले, आणि ते पुरणार किती दिवस? त्याच वर्षी सगळं कुटुंब मजुरांच्या ठेक्यावर मिशिगनला साखरबीटच्या शेतांकडे गेलं. शेतकाम त्यांनी फार काळ केलं नाही. तिथल्या मेक्सिकन मजुरांसमोर गाणं म्हणायचं आणि त्यावर पोट भरायचं, हे त्यांना तिथे उमगलं.

माझ्या मते तिची खरी तालीम इथे झाली, रेकॉर्डच्या माइकपुढे नव्हे. दिवसभर वाकून काम केलेल्या माणसांना घरचं गाणं हवं असतं, आणि ते कुणीतरी समोर उभं राहून, त्यांनी मागितलेलं म्हणावं लागतं. फर्माईश आली की ते गाणं यायलाच हवं. लिडियाचा गाण्यांचा साठा पुढे हजाराच्या घरात गेला, त्याचं मूळ या सवयीत आहे. कोरिदो (घटना सांगणारी कथागीतं), रांचेरा (मेक्सिकोतली खेड्याकडची गाणी), बोलेरो (संथ प्रेमगीतं), वॉल्ट्झ, टँगो, जे लोकांच्या ओठांवर होतं ते तिच्यापाशी होतं.

मंदीच्या दिवसांत कुटुंब टेक्सासला परतलं आणि १९३२ च्या सुमारास सॅन अँटोनियोत स्थिरावलं. तिथे ‘प्लासा देल साकाते’ नावाचा उघडा बाजारचौक होता. संध्याकाळी भाजीचे ट्रक लागायचे, चिली (मिरचीत शिजवलेलं मांस) विकणाऱ्या बायका टेबलं मांडायच्या आणि गाणारे जेवणाऱ्यांच्या टेबलांभोवती फिरायचे. मेंडोझा कुटुंब तिथे नाण्यांवर गायचं. हा काळ मेक्सिकन लोकांसाठी फार वाईट होता. नोकऱ्या गेल्याचा राग त्यांच्यावर निघत होता. त्या दशकात लाखो माणसं सीमेपार पाठवली गेली आणि त्यांतली कितीतरी अमेरिकेतच जन्मलेली होती. अशा वेळी चौकात आपल्या भाषेत गाणाऱ्या मुलीभोवती माणसं जमत होती, ती केवळ करमणुकीसाठी नव्हे, असं मला वाटतं.

तिथेच मानुएल कोर्तेस या रेडिओ कार्यक्रमवाल्याने तिला ऐकलं. ‘ला व्होस लातिना’ हा त्याचा स्पॅनिश कार्यक्रम. आधी स्पर्धेत गायली, मग कार्यक्रमात नियमित गाऊ लागली. आठवड्याला साडेतीन डॉलर ठरले. पुढे त्या दिवसांविषयी बोलताना ती सांगायची की एवढ्या पैशांत आम्हाला लक्षाधीश झाल्यासारखं वाटलं, कारण निदान घरभाड्याची सोय झाली.

मार्च १९३४ मध्ये ब्लूबर्ड कंपनीने सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलात तिची एकटीची गाणी मुद्रित केली. त्यात ‘माल ओंब्रे’ होतं. वय वर्षं सतरा. ब्लूबर्ड हा आरसीए व्हिक्टर या मोठ्या कंपनीचा स्वस्त तबकड्यांचा शिक्का (लेबल) होता. बड्या तबकड्या ७५ सेंटला असताना ही ३५ सेंटला मिळायची. हे महत्त्वाचं आहे, कारण तिचे श्रोते ३५ सेंटच देऊ शकत होते. रेकॉर्ड झपाट्याने खपली. तिला मात्र ठरलेली रक्कम एकदाच मिळाली, खपाप्रमाणे मानधन नाही. १९४० पर्यंत तिने सुमारे दोनशे गाणी मुद्रित केली आणि नाव सीमेच्या दोन्ही बाजूंना गेलं. लोकांनी तिला ‘सीमेवरची चंडोल’ म्हटलं, ‘गरिबांची गायिका’ म्हटलं.

आता तिच्या गाण्याबद्दल, कारण त्याशिवाय हे सगळं नुसतं चरित्र होईल. ‘माल ओंब्रे’मध्ये रडगाण्याला पुरेपूर वाव आहे. ती रडत नाही. आवाज सरळ, भरदार, किंचित खडबडीत; ओळ ती ठासून टाकते आणि पुढे जाते. त्यामुळे गाण्यातली बाई बिचारी वाटत नाही, ती हिशेब मागायला आलेली वाटते. ते ऐकणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. पुरुषांनी फसवलेल्या बाईला गावाने गप्प बसवायचं, हे तिथेही नेहमीचंच होतं.

आणि गिटार. तिची गिटार बारा तारांची, म्हणजे तारांच्या सहा जोड्या, आणि ती नेहमीपेक्षा बरीच खाली लावलेली. त्यामुळे खर्ज घुमतो. मोठ्या तारांवर ती ठाम चाल धरते, मधल्या जागी झंकार सोडते आणि ओळ संपली की दोन-चार सुरांची उतरंड करून पुढच्या ओळीपाशी येते. ताल, साथ आणि भरणा, तिन्ही एका हातात. टेक्सासच्या मेक्सिकन संगीतात त्याच सुमारास अ‍ॅकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो (गिटारसारखं वाद्य) या जोडीचं ‘कोन्हुंतो’ संगीत वाढत होतं. बाहो सेक्स्तोलाही बाराच तारा असतात आणि त्याचाही आवाज खर्जातला. पण कोन्हुंतो हे नाचाच्या हॉलचं, पुरुषांचं जग. बायका गायच्या त्या बहुधा बहिणी-बहिणींच्या जोडीने, वादक मागे ठेवून. लिडियाला कुणाची गरज नव्हती. एकटी गिटार घेऊन ती चौकात, चर्चच्या हॉलमध्ये, तंबूत, रेडिओच्या खोलीत, कुठेही पूर्ण मैफल उभी करू शकायची. तिच्या लोकांकडे रंगमंच नव्हते, तेव्हा रंगमंच न लागणारी गायिका त्यांच्यापर्यंत पोचली, इतकं ते सरळ आहे.

पुढची वर्षं रस्त्यावर गेली. आई लिओनोर हीच सगळ्या कुटुंबाच्या कार्यक्रमाची सूत्रधार. ती प्रहसनं बसवायची, भाऊ मानुएल विनोदी भूमिका करायचा, बहिणी मारिया आणि हुआनिता जोडीने गायच्या, आणि शेवटी लिडिया. त्या काळच्या टेक्सासात अनेक उपाहारगृहं मेक्सिकनांना आत घेत नसत, त्यामुळे प्रवासात खाण्या-झोपण्याचे हालच असायचे. १९३५ मध्ये तिने हुआन अल्वारादो या चांभारकाम करणाऱ्या माणसाशी लग्न केलं, तीन मुली झाल्या, आणि गाणं चालू राहिलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं, तबकड्यांसाठी लागणारी लाख मिळेनाशी झाली आणि सगळं थांबलं. १९४७ मध्ये तिने पुन्हा सुरुवात केली. आई गेल्यानंतर कुटुंबाचा एकत्र कार्यक्रम मोडला, पण ती एकटी गात राहिली. सीमाभागातल्या छोट्या-छोट्या कंपन्यांसाठी तिने पुढेही भरपूर ध्वनिमुद्रण केलं.

मानसन्मान उशिरा आले. १९७१ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या लोककला महोत्सवात ती गायली, १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात. १९८२ मध्ये अमेरिकेने लोककलावंतांसाठी राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू केला, त्याच्या पहिल्याच तुकडीत ती होती. १९८८ मध्ये पक्षाघाताने तिचं वादन थांबलं. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक मिळालं. २० डिसेंबर २००७ रोजी सॅन अँटोनियोत, ९१ व्या वर्षी ती गेली. २०१३ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ती बाहेर का पोचली नाही. एक तर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या स्पॅनिश गाणी वेगळ्या मालिकेत काढत, वेगळ्या दुकानांत विकत. इंग्रजी वाचणाऱ्या ग्राहकापुढे ती येतच नसत. दुसरं, मेक्सिको सिटीच्या चित्रपटसृष्टीने रांचेरा गाण्याला मारियाचीचा, म्हणजे व्हायोलिन-ट्रंपेटवाल्या वाद्यवृंदाचा, थाट दिला, आणि जगाला मेक्सिकन गाणं म्हणून तेच ठाऊक झालं. एकट्या गिटारवरचं सीमाभागातलं गाणं त्या थाटात बसत नव्हतं. तिने इंग्रजीत गाऊन पाहायला हवं होतं असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. तिचे ऐकणारे टेक्सासात होते, मिशिगनच्या शेतांत होते, कॅलिफोर्नियात होते, मॉन्टेरेत होते. हंगामापाठोपाठ जिथे जिथे तिची माणसं गेली तिथे ती होती. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला छोटा भाग म्हणणं मला तरी जमत नाही.

ऐकायला कुठून सुरुवात करावी? सगळे ‘माल ओंब्रे’पासूनच करायला सांगतात, तुम्हीही करा, पण १९३४ चंच मुद्रण ऐका. तिने ते पुढे अनेकदा गायलं आहे आणि उतारवयातलं गाणं जास्त जड आणि कडवट आहे. दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर फरक लगेच कळेल. कॅलिफोर्नियाच्या आरहूली कंपनीने तिची जुनी गाणी पुन्हा काढली आहेत. त्या कंपनीचे संस्थापक क्रिस स्ट्राखविट्झ यांचा फ्रोंतेरा संग्रह लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने ऑनलाइन ठेवला आहे, त्यात मूळ तबकड्यांची नोंद सापडते. तिला समोर वाजवताना पाहायचं असेल तर लेस ब्लँक यांचा १९७६ चा ‘चुलास फ्रोंतेरास’ हा माहितीपट बघा, आणि त्यात तिच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या.