आधी खाली काय लावलंय ते बघा : घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावर इतके प्रश्न आलेत की दुसरं काही घेतलंच नाही. बरेच प्रश्न सारखे होते, त्यातले सहा निवडलेत. एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली, काम बिघडलं की सगळ्यांचा पहिला संशय मशीनवर जातो. मी इतकी वर्षं शिकवतेय, दहातल्या आठ वेळा दोष हूपमध्ये (कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) नाहीतर हूपच्या खाली सापडतो.

ताई, मशीन घेऊन दोन महिने झाले. टी-शर्टवर फुलांचं डिझाइन काढते, हूपमध्ये आहे तोवर एकदम मस्त दिसतं आणि हूप काढला की भोवती सगळ्या चुण्या. धुतल्यावर तर अजून वाईट. खाली फाडून काढायचा कागद लावते आणि कापड ढोलासारखं ताणून बसवते. मशीन बदलून घेऊ का?

नका बदलू, मशीन ठणठणीत आहे. हे नीट समजून घ्या कारण हे एकदा कळलं की अर्धे प्रॉब्लेम आपोआप जातात.

टी-शर्टचं कापड ताणलं जातं, तुम्ही ते हूपमध्ये ताणून बसवता, मग त्यावर दहा-बारा हजार टाके घालून त्याला त्या ताणलेल्या मापातच बांधून टाकता. हूप सुटला की आजूबाजूचं कापड आपल्या मूळ मापावर परत येतं पण टाक्यांखालचं येऊच शकत नाही, ते अडकलेलं असतं. हा जो फरक राहतो त्याच्याच चुण्या होतात. ढोलासारखं ताठ असायला हवं ते खालचं स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार द्यायला खाली लावता तो कागद, कापड त्याच्यावर फक्त सपाट बसलेलं हवं, सुरकुती नको आणि ताणही नको. स्क्रू आवळून झाल्यावर चारही बाजूंनी कापड ओढायची जी सवय असते ना, ती आजपासून सोडा. घट्ट बसलं नाही असं वाटलं तर हूप सोडा आणि पहिल्यापासून बसवा.

तपासायची सोपी पद्धत सांगते, मी शिकायला येणाऱ्या सगळ्यांना करायला लावते. कापडावर पाण्याने जाणाऱ्या पेनाने एक वाटी ठेवून गोल काढा आणि मग हूप लावा. गोल गोलच राहिला तर बरोबर, लांबट झाला तर ताणलंय.

दुसरं तो कागद. फाडायचं स्टॅबिलायझर न ताणणाऱ्या, घट्ट विणीच्या कापडाला ठीक आहे. टी-शर्टला ते चालत नाही, कारण सुई त्याच जागी इतक्या वेळा भोकं पाडते की अर्ध्या डिझाइनलाच ते फाटायला लागतं आणि उरलेलं धुण्यात जातं, मग टाक्यांना खाली धरून ठेवायला काहीच उरत नाही. ताणणाऱ्या कापडाला कापून काढायचं, म्हणजे कट-अवे लावायचं, त्यातही जाळीसारखं मऊ मिळतं ते अंगाला टोचत नाही. काम झाल्यावर डिझाइनच्या कडेला साधारण १ सेंटीमीटर ठेवून बाकीचं कापायचं, राहिलेलं कपड्याबरोबर कायम राहतं आणि तेच धुण्यानंतरही आकार सांभाळतं. सुई बॉलपॉइंट, ७५/११ नंबरची. तिचं टोक गोल असतं त्यामुळे ती विणीतल्या धाग्यांच्या मधून जाते, धागे तोडत नाही.

टी-शर्ट हूपमध्ये बसवताना ताणलाच जात असेल तर फक्त स्टॅबिलायझर हूपमध्ये लावा, त्यावर तात्पुरता चिकटवायचा स्प्रे मारा (मशीनपासून लांब जाऊन, नाहीतर तो आत चिकटतो) आणि टी-शर्ट वरून अलगद ठेवा. मशीनमध्ये भोवतीने कच्चा टाका घालायची सोय असेल तर आधी तो घाला. आणि हो, टी-शर्टची मागची बाजू हूपखाली आली नाही ना ते हात घालून बघा, पुढची-मागची एकत्र शिवून ठेवणारे दर बॅचला दोघं-तिघं असतातच.

खाली दोऱ्याचा नुसता गुंता होतो आणि मशीन अडकतं. बॉबिन केसचा स्क्रू आवळून आवळून थकले, फरक नाही.

गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या मागे लागतात, पण खाली दोरा जमतो तो बहुतेक वेळा वरचा असतो, वर त्याला कोणी धरलेलं नसतं म्हणून मशीन तो खाली ओढत राहतं. वरचा दोरा पूर्ण काढा. प्रेसर फूट वर करा आणि मग परत ओवा, कारण फूट वर असतानाच टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या असतात, फूट खाली असताना ओवलं तर दोरा चकत्यांच्या वरूनच जातो, आत बसतच नाही. आता फूट खाली करून दोरा हाताने ओढून बघा, अडल्यासारखा लागला पाहिजे. सहज सरसर आला तर अजून बसलेला नाही. वर-खाली होणारा जो लिव्हर असतो त्याच्या डोळ्यातून दोरा गेलाय का तेही बघा, तो सुटला तरी हेच होतं.

स्क्रू आधी होता तिथे परत न्या. मग रुंद सॅटिन टाक्याची (एकमेकांना चिकटून घातलेल्या आडव्या टाक्यांची) एक पट्टी काढून उलटी करून बघा, मध्ये एक तृतीयांश बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा असं दिसलं की टेन्शन बरोबर. बॉबिनचा दोरा वर यायला लागला तर वरचं टेन्शन थोडं कमी करा, पण त्याआधी प्लेट उघडून आतला कचरा ब्रशने काढा, फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. अडकलेला गुंता ओढून काढायचा नाही, हूपच्या खालून छोट्या कात्रीने थोडा थोडा कापायचा.

१० सेंटीमीटरचं डिझाइन मशीनवरच १५ चं केलं तर मधून कापड दिसतं. दुसरं एक लहान केलं तर ते पुठ्ठ्यासारखं झालं आणि सुईच तुटली. असं का?

कारण डिझाइनची फाइल म्हणजे फोटो नाही, सुईने कुठे कुठे टोचायचं याची ती यादी असते. नेहमीच्या ४० नंबरच्या दोऱ्याला भरीव कामात दोन ओळींमध्ये साधारण ०.४ मिलिमीटर अंतर ठेवतात. मशीनने टाके नव्याने मोजले नाहीत आणि तुम्ही दीडपट केलं तर तेच अंतर ०.६ होतं, जागा सव्वादोन पट आणि टाके तेवढेच, मग कापड दिसणारच. निम्मं केलं की ०.२, सगळे टाके एकमेकांवर चढतात आणि सुईला जायला जागाच राहत नाही. त्यामुळे मशीनवर १० ते २० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. जास्त हवं असेल तर टाके परत मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करा, किंवा त्या मापाचंच डिझाइन घ्या, मला तर हेच जास्त पटतं.

अजून दोघींनी विचारलंय की फाइल मशीनला दिसत नाही किंवा रंग भलतेच दिसतात. प्रत्येक कंपनीच्या मशीनला फाइलचा प्रकार वेगळा लागतो, ब्रदरला पीईएस, जानोमेला जेईएफ, ते आधी बघा. डीएसटी या प्रकारच्या फाइलमध्ये रंगांची माहितीच नसते, तेव्हा स्क्रीनवरच्या रंगाकडे लक्ष देऊ नका, क्रम बघून आपला दोरा लावा.

टॉवेलवर नाव काढलं, अक्षरं आत बुडून गेली.

वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवा, टॉवेलचे लूप दबून राहतात आणि टाके वर बसतात. काम झालं की फाडून घ्या, राहिलेली ओल्या बोटाने जाते. बारीक अक्षरांचा नाद टॉवेलवर करूच नका, जाड ठसठशीत अक्षर घ्या. साध्या कापडावरसुद्धा ५-६ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर ४० च्या दोऱ्याने नीट येत नाही, ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५/९ ची सुई लागते.

जरीचा दोरा दर मिनिटाला तुटतो, वैतागलेय.

सुई बदला, मेटॅलिक किंवा टॉपस्टिच, ९०/१४. हिचा डोळा मोठा असतो, जरी घासली जात नाही. स्पीड मशीनमध्ये असेल तेवढा खाली आणा, मिनिटाला ४०० टाके असेल तर ४००. वरचं टेन्शन कमी करा आणि रीळ शक्य तितकं लांब ठेवा म्हणजे दोऱ्याचा पीळ मशीनपर्यंत येईतो सुटतो. आणि डिझाइन विरळ निवडा, गच्च भरलेल्या भागात जरी आधीच्या टाक्यांवर घासून घासून तुटते, तिथे सुई बदलूनही उपयोग नाही.

आईच्या जुन्या शालीवर तिचं नाव काढायचंय. एकच शाल आहे, बिघडली तर दुसरी नाही. भीती वाटते.

भीती वाटतेय म्हणजे तुम्ही घाई करणार नाही, ते चांगलंच आहे. त्याच जाडीचं, तसंच ताणणारं किंवा न ताणणारं जुनं कापड शोधा आणि त्यावर पूर्ण नाव काढा. अर्धं नको, पूर्णच काढा, कारण चुण्या आणि कडा सरकणं शेवटीच कळतं. सुई नवी घाला, सात-आठ तास चाललेली सुई वरून ठीक दिसली तरी टोक बोथट झालेलं असतं. शाल हूपमध्ये दाबू नका, लोकरीवर हूपचे वळ उठतात, वर सांगितलं तसं स्टॅबिलायझर हूपमध्ये आणि शाल वर ठेवून कच्चा टाका घाला. सुरू केल्यावर मशीनपासून उठू नका.

ट्रायलचा तुकडा आवडला की त्याच्या कोपऱ्यात पेनाने लिहा, कुठली सुई, कुठला दोरा, खाली काय लावलं, टेन्शन किती. नाही आवडला तरी लिहा, मग एकच गोष्ट बदला आणि परत काढा. माझ्याकडे अशा तुकड्यांचा एक डबा भरलाय, आजही नवीन कापड हातात आलं की मी आधी तो उघडते.