इंटरनेटवरची वाहिनी मागे का राहते? आणि इतर दोन प्रश्न

प्रश्न : नेरुळच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर केबल आहे, आम्ही मात्र टीव्हीवर यूट्यूबमधून बातम्यांची वाहिनी लावतो. आषाढीच्या पहाटे पंढरपूरची शासकीय महापूजा दोन्ही घरांत एकाच वाहिनीवर चालू होती, तरी वरून ऐकू आलेले आरतीचे कडवे आमच्याकडे जवळजवळ अर्ध्या मिनिटाने येत होते. आमचे इंटरनेट कनेक्शन बदलावे का?

उत्तर : बदलू नये, कारण हा उशीर आपल्या कनेक्शनमुळे होत नाही. केबलचालकाकडेही वाहिनी उपग्रहावरूनच येते. उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असला, तरी संकेत वर जाऊन खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. केबल आणि डीटीएचवर आणखी जे काही सेकंद जातात, ते चित्र संकुचित करणे आणि सेट-टॉप बॉक्समध्ये ते पुन्हा उलगडणे यांत जातात. इंटरनेटवर मात्र वाहिनीचे चित्र सलग येतच नाही. ते आधी वेगवेगळ्या दर्जांत तयार होते, मग प्रत्येक दर्जाचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि आपला टीव्ही ते तुकडे एकामागून एक मागवून जोडत राहतो. ॲपलने 2009 मध्ये आणलेली एचएलएस ही यातली चांगलीच रुळलेली पद्धत. तिच्या शिफारशीनुसार तुकडा साधारण 6 सेकंदांचा असतो आणि प्लेअर निदान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करतो, म्हणजे 18 सेकंद तिथेच खर्ची पडतात. ही शिल्लक मुद्दाम ठेवलेली असते, म्हणूनच वायफाय क्षणभर डळमळले तरी चित्र फार तर अस्पष्ट होते, थांबत नाही.

हा उशीर कमी करणाऱ्या पद्धती उपलब्ध आहेत, पण त्यांत शिल्लक कमी राहत असल्याने चित्र अडकण्याचा धोका वाढतो, आणि मोठ्या प्रेक्षकसंख्येपुढे वाहिन्या तो सहसा पत्करत नाहीत. उपग्रहाचा संकेत चौकातल्या ध्वनिक्षेपकासारखा असतो, ऐकणारे दहा असोत वा दहा लाख, खर्च तोच. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकाला त्याची स्वतंत्र प्रत पोहोचवावी लागते. 19 नोव्हेंबर 2023 रोजी क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक होते. एवढ्या प्रती न अडखळता पोचवणे हेच माझ्या मते मोठे काम आहे, आणि त्यापुढे अर्ध्या मिनिटाचा उशीर क्षम्य आहे.

एक गोष्ट मात्र तपासावी. मध्येच कोणी दार वाजवले म्हणून आपण चित्र थांबवले असेल, तर यूट्यूब थांबले तिथूनच पुढे जाते आणि उशीर तेवढा वाढतो. अशा वेळी खालच्या पट्टीवर 'लाइव्ह'शेजारचा ठिपका लाल राहत नाही, करडा होतो. तो निवडला की प्रक्षेपण पुन्हा शक्य तितके जवळ येते.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरात फक्त इंटरनेट आहे. दूरदर्शनच्या वाहिन्या ॲपवर एरवी व्यवस्थित दिसतात, पण भारताचा क्रिकेट सामना डीडी स्पोर्ट्सवर सुरू झाला की ॲपवर तो दिसत नाही. सरकारी वाहिनी असूनही असे का?

उत्तर : हा बिघाड नाही, कायद्याची मर्यादा आहे. 2007 च्या क्रीडा प्रसारणविषयक कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा संकेत हक्कधारक कंपनीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, देणे बंधनकारक केले. परंतु तो दाखवण्याची मुभा दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणापुरती आणि त्याच्या स्वतःच्या डीटीएच सेवेपुरतीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये हा अर्थ पक्का केला आणि असा संकेत खासगी केबलवरूनही पुढे देता येणार नाही, असे ठरवले. इंटरनेटचा त्या कायद्यात समावेश नाही. शिवाय दूरचित्रवाणीचे आणि डिजिटल हक्क आता वेगवेगळे विकले जातात. आयपीएलच्या 2023 ते 2027 या हंगामांसाठी भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणी हक्क 23,575 कोटी रुपयांना, तर डिजिटल हक्क 20,500 कोटींना वेगळ्या कंपनीकडे गेले होते. एवढी रक्कम मोजणारा तोच सामना दुसऱ्याच्या ॲपवर फुकट दिसू देणार नाही, हे उघड आहे.

तरीही कायद्याचा मूळ हेतू सर्वसामान्य माणसाला असे सामने विनामूल्य पाहता यावेत हा होता, आणि दूरदर्शनचे जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपण जवळजवळ सर्वत्र बंद झालेले असताना तो हेतू केवळ छतावरच्या डिशवर टांगून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. प्रसार भारतीच्या स्वतःच्या ॲपचा तरी त्या कायद्यात समावेश व्हायला हवा.

तोवर आपल्यासाठी मार्ग डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या त्याच डीटीएच सेवेचा. डिश आणि बॉक्स एकदाच विकत घ्यावा लागतो, मासिक शुल्क नाही. मात्र ही सेवा देणारा जीसॅट-15 उपग्रह ठाण्याहून आग्नेयेला दिसतो. समोर उंच टॉवर असल्यास खिडकीतली डिश निरुपयोगी ठरेल. सोसायटीकडून गच्चीवरील जागेची परवानगी आधी घ्यावी आणि मगच खरेदी करावी.

प्रश्न : ऐरोलीत जोराचा पाऊस आला की आमची डिश बंद पडते. ती काढून सर्व वाहिन्या मोबाइल डेटावरच पाहाव्यात का?

उत्तर : डीटीएचच्या केयू बँड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, पण सर ओसरली की चित्र परत येते, तेवढ्यासाठी डिश काढण्याची घाई नको. मध्यम दर्जाचे चित्र 1.5 मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने तासाला सुमारे 675 एमबी खाते, 5 मेगाबिटचे एचडी चित्र सव्वादोन जीबी. दिवसाला दीड जीबीची योजना मध्यम दर्जावरही दोन-सव्वादोन तासांत संपते, म्हणून मोबाइल डेटावर घरचा टीव्ही चालवणे परवडणारे नाही. घरी ब्रॉडबँड असेल तर विचार करावा. बातम्यांच्या अनेक वाहिन्या यूट्यूबवर विनामूल्य असतात, मनोरंजन वाहिन्यांच्या मालिका मात्र त्या त्या कंपनीच्या ॲपवर असून त्यांची वर्गणी वेगवेगळी भरावी लागते. सर्व वाहिन्या नाममात्र पैशांत देणारी अनोळखी ॲप मात्र घेऊ नयेत; ती प्रक्षेपणाची चोरी असते, आणि फोनमधील माहितीही धोक्यात येते. डीटीएच सेवा काही काळ स्थगित ठेवण्याची सोय नियमांत आहे. पावसाळा संपल्यावर तसा अर्ज करून एक महिना फक्त ब्रॉडबँडवर काढावा, घरातील ज्येष्ठांना रिमोटवरून ॲप उघडणे जमते का ते पाहावे, आणि मग डिशबाबत ठरवावे.