जपानी कंपन्यांच्या हिशेबांवर पीएचडी करण्यासारखं काय आहे?

तुमचा प्रश्न असा की एम.कॉम. नंतर जपानी कंपन्यांच्या आर्थिक अहवालांवर संशोधन करायचंय, पण मार्गदर्शक म्हणतात, 'अमेरिकेवर एवढं काम झालंय, जपानमध्ये वेगळं काय सापडणार?' तर विषय घ्यावा का?

घ्या. मी याच विषयावर जपानमध्ये काही वर्षं काम केलंय. कंपनी हिशेबाची पद्धत का निवडते, हे बघायला इतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

कारण तिथे निवड खरोखरच आहे. आपल्याकडे मोठ्या लिस्टेड कंपन्यांना २०१६-१७ पासून इंड एएस ही हिशेबाची मानकं लागू झाली आणि प्रश्न मिटला. टोकियो शेअर बाजारातल्या कंपनीसमोर मात्र चार वाटा आहेत: जपानी मानकं, काही अटींवर अमेरिकन मानकं, आयएफआरएस म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं, आणि २०१५ मध्ये आयएफआरएसमध्ये जपानी दुरुस्त्या करून काढलेलं जेएमआयएस. या चौथ्या वाटेने एकही कंपनी गेली नाही, आणि ही गोष्टसुद्धा अभ्यासण्यासारखीच आहे. आयएफआरएस स्वेच्छेने स्वीकारणारी पहिली कंपनी निहोन देम्पा कोग्यो, मार्च २०१० ला संपलेल्या वर्षासाठी. पुढे ते सक्तीचं होणार अशी हवा होती, पण मार्च २०११ चा भूकंप झाला आणि जूनमध्ये वित्तीय सेवा मंत्र्यांनी घाई करणार नसल्याचं जाहीर केलं. सक्ती बारगळली, निवड उरली.

या निवडीत सगळ्यात मोठा मुद्दा गुडविलचा, म्हणजे कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेच्या किमतीपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेचा. समजा, दुसरी कंपनी विकत घेताना १,००० कोटी येन गुडविल आलं. जपानी मानकांनुसार ते जास्तीत जास्त २० वर्षांत थोडंथोडं खर्चात टाकून निर्लेखित करायचं, म्हणजे ऑपरेटिंग नफ्यातून दरवर्षी किमान ५० कोटी गेले. आयएफआरएसमध्ये दरवर्षीची वजावट नाही. किंमत घसरली असं सिद्ध झालं की मगच तोटा दाखवायचा. ताकेदा आणि सॉफ्टबँक या परदेशात मोठ्या खरेद्या करणाऱ्या कंपन्या २०१३ च्या आर्थिक वर्षापासून आयएफआरएसकडे गेल्या, यात मला नवल वाटत नाही. पण इथेच नवखे संशोधक फसतात. 'आयएफआरएस घेतल्यावर नफ्याचा दर्जा सुधारला' असं लिहून मोकळे होतात. ज्यांनी ते घेतलं त्या कंपन्या मुळातच वेगळ्या होत्या: मोठ्या, परदेशी भागधारक असलेल्या, खरेदीच्या तयारीतल्या. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल.

घसाऱ्याचा, म्हणजे यंत्रांसारख्या मालमत्तेच्या झिजेच्या खर्चाचा, विषय साधा वाटतो, पण त्यावर माझा फार जीव आहे. जपानी करकायद्यात खर्च वजा मिळायला तो आधी कंपनीच्या पुस्तकात दाखवावा लागतो. त्यामुळे कर वाचवण्यासाठी असंख्य कंपन्या घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत जास्त, घसारा काढत आल्या. भागधारक वाचतो तो ताळेबंद मुळात कर अधिकाऱ्याकडे बघून लिहिलेला! मग त्यातली एखादी कंपनी एका वर्षी सरळ रेषा पद्धतीकडे, म्हणजे दरवर्षी सारख्याच घसाऱ्याकडे, वळते आणि नफा वाढतो. बदलाचं कारण तिला टिपेत द्यावं लागतं. ती कारणं एकापुढे एक ठेवून वाचा, आणि मग बघा की बदल नेमका कोणत्या वर्षी झाला.

मार्गदर्शकांना पटवायला मात्र नफ्याच्या अंदाजांचा मुद्दा वापरा. अमेरिकेत अंदाज देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. जपानमध्ये शेअर बाजाराच्या 'केस्सान तान्शिन' या निकालपत्रातच पुढच्या वर्षाचा अंदाज येतो आणि जवळजवळ प्रत्येक कंपनी तो देते. नंतर विक्रीत १० टक्के किंवा नफ्यात ३० टक्के फरक दिसला, तर तो लगेच जाहीर करावा लागतो. काटो, स्किनर आणि कुनिमुरा यांनी २००९ मध्ये दाखवलं की सुरुवातीचे अंदाज सरासरीने फुगलेले असतात आणि वर्षभरात हळूहळू खाली आणले जातात, म्हणजे शेवटचा निकाल अंदाजापेक्षा कमी पडत नाही. 'अंदाज देणारीच कंपनी तेवढी हाती लागते' ही अमेरिकी अभ्यासांतली अडचण इथे जवळपास नाहीच.

एक कळकळीची विनंती. संशोधनाचा प्रश्न 'कोणी लबाडी केली' एवढाच ठेवू नका. तोशिबाचं २०१५ चं प्रकरण घ्या. सुमारे सात वर्षांत १५,००० कोटी येनच्या आसपास नफा फुगवला गेला. चौकशी अहवालात दिसतं ते वरून येणारं 'चॅलेंज' नावाचं नफ्याचं लक्ष्य आणि त्याला नाही म्हणू न शकणारी माणसं. ही माणसं कुठल्याही समीकरणात सापडत नाहीत, त्यासाठी अहवालच वाचावे लागतात.

त्यामुळे जपानी शिका. आकडे एडिनेट या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात, २००८ पासून एक्सबीआरएल या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपात. एप्रिल २०२५ पासून टोकियो शेअर बाजाराच्या प्राइम या वरच्या विभागातल्या कंपन्यांना निकालपत्र इंग्रजीतही द्यावं लागतं. पण टिपांनी भरलेला वार्षिक अहवाल अजून बहुतेक ठिकाणी जपानीतच असतो.

सुरुवात कुठून करायची? आयएफआरएसकडे वळलेली एखादी कंपनी निवडा आणि बदलाच्या पहिल्या वर्षाचा अहवाल काढा. त्यात एक जुळवणी तक्ता असतो: आधीच्या एकाच वर्षाचा नफा, जुन्या पद्धतीने किती आणि नव्याने किती, ओळीओळीने. तीच कंपनी, तेच वर्ष, फक्त हिशेब वेगळा. मार्गदर्शकांकडे पुन्हा जाल तेव्हा तो तक्ता सोबत न्या.