रॉकेटचा गेम, घुमट आणि कानातले आवाज

प्रश्न: ताई, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे, तीन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्या चालू आहेत, झोप लागते, भीती पण कमी झाली, पण आवाज काय जात नाहीत, दोन पुरुष त्याच्याबद्दल आपसात बोलतात म्हणतो, तिन्हीसांजेला जास्त. जाऊबाई म्हणतात देवचाराचं आहे, देवळात कौल लावून घ्या. भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की परदेशात रॉकेटचा गेम खेळून आवाज बंद करतात, आणि डोक्याला लावायचा पट्टा ऑनलाइन मिळतो, मागवू का? गोळ्यांनी वजन फार वाढलंय, त्या मग बंद करता येतील का? आणि एक, चवथीला आरतीत आपला मातीचा घुमट वाजवताना आवाज येत नाहीत असं तो स्वतः म्हणाला, हे खरं असेल की माझं मन राखायला म्हणतोय?
— एक आई, डिचोली

उत्तर: ताई, घुमटाचं अगदी खरं आहे, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ तीच. हे आवाज त्याच्या कल्पनेतले नाहीत, त्याला ते खरोखर ऐकू येतात, स्कॅनमध्ये बोलणं ऐकणारा मेंदूचा भाग तेव्हा जागा झालेला दिसतो. आपण सगळेच मनातल्या मनात बोलतो, पण हे मीच बोलतोय अशी सूचना मेंदू स्वतःला आधी देतो, ती सूचना नीट पोचली नाही की आपलंच बोलणं परक्याचं वाटायला लागतं, असं बरेच संशोधक मानतात. आता आरती म्हणताना तोंड, कान, हात सगळंच तालात गुंतलेलं असतं, मग त्या दोघांना जागा कुठली मिळणार! गाणं, गुणगुणणं, मोठ्याने वाचणं यामुळे आवाज तेवढ्यापुरते मागे जातात हे पुष्कळ पेशंट सांगतात.

रॉकेटचा प्रयोग खरा आहे, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधला, 2018 साली छापून आला. पेशंटला एमआरआय मशीनमध्ये झोपवायचं, समोर पडद्यावर रॉकेट, आणि ते हलतं मेंदूच्या त्या बोलणं ऐकणाऱ्या भागाच्या हालचालीवर, भाग शांत केला तर रॉकेट खाली उतरतं. कसं शांत करायचं ते कोणी शिकवत नाही, ज्याने त्याने आपली युक्ती शोधायची. चार वेळा मशीनमध्ये बसल्यावर तो भाग थोडा हातात यायला लागला आणि आवाजांचा त्रास कमी झाला, पण पेशंट होते फक्त 12, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे आशा ठेवावी अशी सुरुवात आहे, व्हिडिओत सांगतात तसा इलाज अजून झालेला नाही. आवाज पूर्ण बंद झाले असंही नाही, लोकांना ते सोसायला सोपे गेले.

पट्टा मागवू नका. एमआरआय मेंदूच्या आत कुठल्या भागात काय चाललंय ते बघतो, घरगुती पट्ट्याला ते जमत नाही, त्या पैशांत त्याला चांगले बूट घ्या, रोज चालायला लावा, वजनाला पण बरं.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे दुसरे प्रकार आहेत. टीडीसीएसमध्ये डोक्याला दोन इलेक्ट्रोड लावून साधारण 2 मिलीअँपिअरचा हलका करंट 20 मिनिटं सोडतात. फ्रान्समध्ये 2012 साली 30 पेशंटवर चांगला गुण आला, नंतरच्या अभ्यासांत कधी आला कधी नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थेत यावर बरंच काम झालंय. आणि लंडनमध्येच अवतार थेरपी आहे, पेशंट कॉम्प्युटरवर त्या आवाजाला चेहरा देतो, थेरपिस्ट त्या चेहऱ्यातून बोलतो आणि पेशंट त्याला उलट उत्तर द्यायला शिकतो. 150 जणांच्या अभ्यासात 12 आठवड्यांना साध्या समुपदेशनापेक्षा जास्त फायदा दिसला, पण 24 आठवड्यांना दोन्ही गट जवळपास सारखे झाले. तरी मला हे फार पटतं, कारण घाबरून ऐकत बसणारा माणूस इथे तोंड उघडतो.

गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, हे हात जोडून सांगते. वरच्या अभ्यासांत आलेल्यांचीही औषधं चालूच होती, आणि अचानक सोडली की आजार उलटतो. वजनाचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषध बदलता येतं. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसने, पुरेसे दिवस देऊनही आवाज राहिले असतील तर क्लोझापिनबद्दल विचारा, त्यात रक्त नियमित तपासावं लागतं पण अशा हट्टी आवाजांवर ते खूप जणांना लागू पडतं. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन हे बोलता येईल, जाताना आवाज कधी वाढले कधी कमी झाले ते वहीत लिहून न्या, आवाजांसाठीच्या सीबीटीचं, म्हणजे बोलून विचारांवर काम करणाऱ्या थेरपीचंही, तिथे विचारा.

जाऊबाईंशी भांडू नका, देवळात जायचं तर जा, फक्त त्यापायी गोळी चुकवू नका. तिन्हीसांजेला आवाज येणार हे ठाऊकच आहे, तर दिवाबत्तीच्या आधीच घुमट त्याच्या हातात द्या, चवथीची वाट कशाला बघायची, शेजारी दोन आरत्या जास्त ऐकतील. आवाज तुम्हाला येत नाहीत हे खरं सांगा, पण "काहीच नाही तिथे" म्हणून त्याला खोटं पाडू नका, "तुला त्रास होतोय ना, चल जरा अंगणात" एवढं पुरतं. आणि ते आवाज मर, मार असं काही सांगायला लागले का हे त्याला सरळ विचारा, विचारल्याने काही वाढत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी बांबोळी गाठा, रात्र झाली असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो.